मोकळा भात आणि सरकारी दूध

माझं अक्षर म्हणजे वाळत घातलेल्या धानावरून बकरी चालत गेल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजाने घालते, भाजीत मीठ घालावं तसं. त्याबद्दल आधीच माफी मागते. लांजीकडच्या आमच्या गावात मी चौथीपर्यंत शिकले, तेव्हा गुरुजी मराठीतून शिकवायचे. पुढे आमचा जिल्हा हिंदीतच राहिला, मुलं हिंदी शाळेत गेली, आणि आता या घरात माझं लिहिणं वाचून चुका काढील असं कोणी उरलं नाही. म्हणूनच तर लिहायची हिंमत झाली. माफी मात्र मागून ठेवते. मला त्यासाठी कारण लागत नाही. बाजारात दुसऱ्याचा पाय माझ्या पायावर पडला तरी हात मीच जोडते.

मी लाजरी आहे, हे लिहितानाही मला लाज वाटते. लग्नाचं विचारायला पाहुणे आले तेव्हा मी लाजून मान खाली घातली, आणि मोठ्यांनी तो होकार समजला. नवरा चांगला निघाला म्हणून तक्रार नाही. पण तेव्हापासून माझी मान माझ्या आधी बोलते. खाली सांगते त्या गोष्टीत ती तीनदा बोलली, आणि प्रत्येक वेळी मला महागात पडली.

बालाघाटला, वैनगंगेच्या बाजूला, एका राईस मिलच्या मागे आमचं घर आहे. हे मिलमध्ये काट्यावर होते, म्हणजे धान तोलायचे. मिलच्या मोठ्या अंगणात उसनलेलं, म्हणजे उकडलेलं, धान वाळत असायचं. बाया दिवसभर पायांनी ते खालीवर करत फिरायच्या आणि त्यांची पोरं त्याच धानात रांगायची, झोपायची, मुतायची. शेठला पोरांपेक्षा धानाची काळजी जास्त होती. बाया दुपारी पोरांना खाऊ घालायला म्हणून घरी जायच्या, त्या उन्हं कलल्यावर परत यायच्या. तोवर ढग आला तर धान कोणी गोळा करायचं, यावरून रोज आरडाओरडा चालायचा.

त्या वर्षी पाऊस अर्ध्यातून परत गेला. रेशनला लाल ज्वारी यायची. आम्ही भात खाणारे लोक. ती भाकर आमच्या घशातून उतरायची नाही, आणि उतरली तर पोटात दगडासारखी बसायची. आमची गाय चाऱ्यावाचून मेली आणि मागे एक कालवड ठेवून गेली. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं पुढे, केस भुरे पडलेले. मुलगी ओट्यावर बसायची, कालवड ओट्याखाली बसायची, आणि दोघींच्या बरगड्या लांबून मोजता यायच्या. सासूबाई म्हणायच्या, पोरीले नजर लागली. मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या होत्या, स्वच्छ मराठी बोलायच्या. त्यांनी मुलीची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "नजरबिजर काही नाही. हिला भूक लागली आहे. दूध द्या रोज. नाहीतर येत्या पावसाळ्यात साधा खोकलाही हिला झेपायचा नाही."

मी मान हलवली. दूध आणणार कुठून, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, तिथेच राहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ब्लॉकच्या ग्रामसेविका आल्या. त्यांना सगळे बहनजी म्हणायचे. त्या माळव्याकडच्या, सायकलवर फिरायच्या, आणि इतकं मोठ्याने बोलायच्या की मी त्यांच्यापासून चार हात लांब उभी राहायची. त्यांनी मिलच्या अंगणात बायांची सभा घेतली. सरकार दुधाची पावडर देणार. शेठ तांदूळ देणार, एक छपरी देणार आणि जाळायला मिलचा भुसा देणार. बायांनी रोज दुपारी रांधायचं आणि मिलमधल्या, वस्तीतल्या सगळ्या लहान पोरांना एका ओळीत बसवून जेवू घालायचं.

"सरकार का दूध, सेठजी का चावल, और आप लोगों के हाथ," बहनजी म्हणाल्या.

"आन् धूर कोनाच्या डोळ्यात जाईन?" सासूबाईंनी विचारलं.

बाया हसल्या. शेठही हसले. शेठचा हिशोब सरळ होता: पोरं छपरीत बसली तर धान कोरडं राहील आणि बाया दुपारी घरी जाणार नाहीत. त्यांनी तो लपवलाही नाही. मला वाटतं, म्हणूनच ते काम टिकलं. नुसत्या दयेने दिलेला तांदूळ महिनाभरात आटला असता.

आता रांधणार कोण? एक म्हणाली, माझं कंबर दुखते. दुसरी म्हणाली, माझ्या हातचं सारे खातीन का नाही, आधी ते विचारा. तिसरीला सासऱ्याचं पथ्य होतं. प्रत्येकीकडे सांगायला काहीतरी होतं, फक्त मी गप्प होते. शेवटी बहनजींची नजर माझ्यावर आली आणि माझी मान नेहमीप्रमाणे खाली गेली.

"लो, ये तैयार है!" बहनजी म्हणाल्या.

अशी मी निवडून आले. महिन्याला थोडी मजुरी ठरली, ती शेठ देणार होते. पण खरं सांगते, मजुरी मी घरी येईपर्यंत विसरले होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: त्या ओळीत माझी मुलगी बसेल, आणि तिला दूध मिळेल.

पहिल्या दिवशी बहनजींनी पावडर पाण्यात कालवून पोरांना पेल्यातून दूध पाजून पाहिलं. अर्ध्या पोरांनी ते तिथेच ओकून टाकलं. त्याला टिनाच्या डब्यासारखा वास यायचा. मिलमध्ये बिरसाकडच्या जंगलातून आलेल्या काही मजूर बाया होत्या. त्यांच्यात गाईचं दूध पीतच नाहीत. त्यांच्यातली एक म्हातारी पोराच्या हातातला पेला काढून घेत म्हणाली, "दूध तो बछिया का होता है, बाई. आदमी का थोड़ी."

बहनजींनी कपाळाला हात लावला. मग तोड निघाली: दूध वेगळं द्यायचंच नाही, भातातच शिजवायचं. त्यांनी मला समोर उभं करून शिकवलं. आधी थोड्या कोमट पाण्यात पावडर घोळायची, गाठी राहू द्यायच्या नाहीत, मग ते गंजातल्या, म्हणजे मोठ्या पातेल्यातल्या, पाण्यात ओतायचं, उकळी आली की तांदूळ टाकायचा.

"समझ गई?"

मी मान हलवली. समजलंही होतं. पावडर कशी घोळायची ते मला आजही झोपेतून उठवून विचारा.

आता माझ्या भाताबद्दल सांगायला हवं. सासूबाईंनी माझ्या लग्नापासून तोवर माझी एकच गोष्ट वाखाणली होती: "हिच्या हातचा भात मोकळा होते." बाकी माझ्या चालण्यात, बसण्यात, भांडी घासण्यात त्यांना काही ना काही दिसायचंच. पण भाताला नाव नाही. आमच्याकडे सुनेची परीक्षा भातावरून. गिचका भात आजारी माणसाला देतात. पाहुण्याच्या ताटात पडला तर तो हातही न धुता उठेल अशी भीती असते. भरपूर पाण्यात तांदूळ शिजवायचा, दाणा बोटात दाबून पाहायचा, आणि बरोबर त्या घटकेला झाकण आडवं लावून गंज कलंडवायचा. पेज सगळी निथळून जाते, आत दाणा दाणा सुटा राहतो. यालाच आम्ही भात पसवणं म्हणतो. ती पेज गुराला घालायची. माझी आई असंच करायची, तिची आई असंच करायची. भात पसवायचा असतो हे कोणी कोणाला सांगत नाही. डोळे मिटून झोपायचं असतं हेही कोणी सांगत नाही.

तर मी बहनजींनी सांगितल्याप्रमाणे पावडर घोळली, पाण्यात ओतली, तांदूळ शिजवला, आणि मग भात पसवला.

हे मी रोज केलं. एकही दिवस चुकवलं नाही. बहनजी सकाळी यायच्या, पावडर घोळताना पाहायच्या, तांदूळ गंजात पडला की समाधानाने सायकलवर बसून पुढच्या गावाला जायच्या. त्या गहू खाणाऱ्या मुलखातल्या. त्यांच्या घरी भात सणासुदीलाच व्हायचा, आणि भाताचं पुढे काय करतात याचा विचार त्यांनी कशाला करावा? मी विचार करायचा, तर माझं सगळं लक्ष दाण्याकडे. शेठनी दिलेल्या तांदळात अर्धी कणी असायची. कणीचा भात मोकळा करणं सोपं नाही. मी तो करून दाखवला. पेज पांढरी निघायची, पण पेज पांढरीच असते. थोडी दाट वाटायची, तर मला वाटायचं, कणी आहे म्हणून. दूध भातात मुरलं असेल असं मी धरून चालले होते. दूध पाण्यासोबत निघूनही जातं, हे चौथीपर्यंत कुठल्या धड्यात आलं नव्हतं.

घमेलंभर पेज मी रोज घरी आणून कालवडीपुढे ठेवायची. बिचारी आईवेगळी होती. तीही घमेल्याचा आवाज आला की दाव्याला ओढ देऊन उभी राहायची.

एक दिवस शेठ छपरीत आले, पत्रावळीवर दोन घास भात घेऊन उभ्यानेच खाल्ला आणि म्हणाले, "वाह! दाना-दाना अलग!" मी खांबामागे होते. त्या दिवशी मी घरी गेले ती जमिनीवरून गेले की हवेतून, मला आठवत नाही. पोरं बोटं चाटायची, बाया म्हणायच्या, लग्नातबी असा भात नाही भेटत. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात गर्वाचे दिवस होते. आता आठवलं की मी पदर तोंडाला लावते, घरात कोणी नसलं तरी.

असे काही महिने गेले, आणि एक दिवस दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई पोरांची वजनं घ्यायला आल्या. काम सुरू झालं तेव्हाही त्यांनी वजनं घेतली होती. मुलांचा वेगळा काटा कुठून आणणार? धानाच्याच काट्याला पोत्याची झोळी बांधली होती आणि तोलायला हे होते. यांची एक सवय होती. धान तोलताना पहिल्या मापाला ते "एक" म्हणायचे नाहीत, "लाभ" म्हणायचे. सगळेच तोलणारे म्हणतात. पोरं तोलतानाही पहिलं पोर झोळीत बसलं की त्यांच्या तोंडून निघालं, "लाभ!" बाया खिदळल्या.

"कमरेची साखळी काढ वं पोराच्या," यांनी एकीला सांगितलं. "सरकारले लोखंडाचं वजन नाही पाह्यजे."

हसणं तिथेच संपलं. एकेक पोर झोळीत बसत गेलं, आणि डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठ्या वाढत गेल्या. कोणाचं वजन किंचित वाढलं होतं, कोणाचं होतं तिथेच होतं. मग आमच्या मुलीची पाळी आली. यांनी तिला झोळीत ठेवलं, मापं लावली आणि बराच वेळ काट्याकडे पाहत राहिले. एरवी यांचा आवाज मिलच्या फाटकापर्यंत जायचा. त्या दिवशी ते हळू म्हणाले, "तेवढंच आहे."

"इतकी पावडर संपली आणि वजन तेवढंच?" डॉक्टरीणबाई बहनजींकडे वळल्या. "पावडर जाते कुठे?"

बहनजींचा मोठा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. तेवढ्यात मिलचे मुनीमजी, जे सगळ्या भानगडीत चष्मा पुसत उभे असायचे, त्यांनी चष्मा डोळ्यांवर लावला आणि छपरीच्या मागे बोट दाखवलं.

"डॉक्टरनी जी, वजन यहाँ नहीं, वहाँ बढ़ रहा है।"

तिथे, आमच्या घराच्या दारात, आमची कालवड बांधली होती. तिला मी त्या दिवशी नदीवर नेऊन धुतलं होतं, हा आणखी एक शहाणपणा. उन्हात ती नुसती चकाकत होती. पाठ भरलेली, मानेला वळी पडलेली. सबंध मोहल्ल्यात त्या दुष्काळात असं जनावर नव्हतं. सगळ्यांनी कालवडीकडे पाहिलं, मग ओळीत बसलेल्या पोरांकडे, आणि मग माझ्याकडे.

"बाई," बहनजी म्हणाल्या, "सच बोलना. दूध इस बछिया को पिलाती हो?"

 एवढे लोक, शेठ, डॉक्टरीणबाई, हे काट्यापाशी उभे. माझी मान खाली गेली.

"लो, मान गई," मुनीमजी म्हणाले.

मी चोर ठरले. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं. शेठ म्हणाले, असं असेल तर ही रसोई आजच बंद. त्या वेळी माझ्या डोक्यात माझ्या अब्रूचा विचार आला असं लिहायला आवडलं असतं, पण आला तो पावसाळ्याचा. रसोई बंद झाली तर मुलीला पावसाळ्याआधी दूध कुठून, एवढंच मला दिसत होतं. तरी तोंड उघडलं नाही.

तोंड उघडलं ते सासूबाईंनी. त्या गर्दी सारून पुढे आल्या.

"मान खाली घातली म्हंजे चोर झाली काय? हे त लग्नातबी अशीच बसली होती! तिले इचारा काहीबी, मान खालीच जाते. मी सासू आहे तिची, माह्या तोंडून तिची बडाई कवा निंगाली नाही, पन चोरी करायले हिंमत लागते बाप्पा! हिच्यात हाय का?"

माझी आजवर झालेली ही दुसरी बडाई.

डॉक्टरीणबाईंनी टोपण परत लावलं. माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, बोलू नका. तुम्ही रोज जसं करता, तसंच आत्ता आमच्यासमोर करा."

बोलायचं नाही, हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी भुशाची शेगडी पेटवली, गंज चढवला. पावडर घोळली, एक गाठ राहू दिली नाही. बहनजी मान हलवत होत्या, ठीक, ठीक. पांढरं पाणी गंजात ओतलं, उकळी आली, तांदूळ टाकला. एवढ्या लोकांसमोर भात बिघडू नये म्हणून मी रोजच्यापेक्षाही जास्त जपत होते. दाणा काढून दाबला. मग दोन्ही हातांत फडकी घेतली, झाकण आडवं लावलं, आणि गंज घमेल्यावर कलंडवला.

दाट पांढरी धार घमेल्यात पडायला लागली.

"अहो, हे काय करताय?" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

मी दचकले, पण गंज सोडला नाही. भात गिचका झाला असता.

"भात," मी म्हणाले.

"आणि हे?"

"पेज."

डॉक्टरीणबाई खाली वाकल्या, घमेल्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. "ही पेज नाही, बाई. हे सगळं दूध आहे."

 घमेल्याचा आवाज ऐकून मागे कालवड हंबरली आणि दावं ओढून उभी राहिली. मग जो हशा उठला तो मिलच्या पलीकडे रेल्वेच्या फाटकापर्यंत गेला असेल. शेठ पोट धरून बसले. बिरसाकडची ती म्हातारी हसली नाही. ती गंभीरपणे म्हणाली, "मैंने तो पहले ही दिन बोला था, दूध बछिया का होता है।"

"मैंने पसाने को कब कहा था?" बहनजी रडवेल्या झाल्या होत्या.

"आन् पसवू नको असं कवा सांगितलं?" सासूबाई म्हणाल्या. "भात हाय तो. भात पसवाचा नाही त काय करायचा? इचारा ह्या बायाईले."

सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या, "हौ, पसवाचाच असते."

मी हसले नाही आणि रडलेही नाही. माझी मुलगी ओळीत बसून होती, कालचे दोन मोकळे दाणे फ्रॉकला चिकटलेले उचलून खात होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि कालवडीकडे पाहिलं. एवढे दिवस माझ्याच मुलीच्या पानातलं दूध मी माझ्याच हातांनी निथळून काढलं, वर पांढऱ्याशुभ्र भाताचा गर्व केला. चोरी केली असती तर निदान थोडं दूध तिच्या तोंडात तरी गेलं असतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी चोरी लिहिणार नाही, चूक लिहीन. पण चुकीचीही भरपाई दाखवावी लागते, नाहीतर पुढची पावडर येणार नाही." मग त्या, बहनजी आणि शेठ छपरीच्या कोपऱ्यात बराच वेळ बोलत उभे राहिले. सरकार किती सोडणार, मिल किती भरणार. शेठ म्हणत होते, माझी मिल तांदळाची आहे, दुधाची नाही. बहनजी अंगणाकडे हात करत होत्या, जिथे महिनोन्‌महिने एकाही पोराने धान ओलं केलं नव्हतं. शेवटी अर्धं नुकसान सरकारने सोडायचं आणि अर्धं शेठनी भरायचं ठरलं.

शेठ आमच्याकडे वळून म्हणाले, "पैसा मैं भर देता हूँ। रसोई चलेगी। लेकिन भाई, यह दान नहीं है, उधार है..." आणि बोलता बोलता त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. ती माझ्यावर आली. माझी मान खाली गेली.

पुष्कळ दिवसांनी बहनजींनी मला सांगितलं की शेठना पुढे म्हणायचं होतं, "...उधार है, पर चलो, जाने दो." पण माझी मान त्यांच्या जिभेपेक्षा लवकर चालली. माझा होकार पाहिल्यावर शेठसारखा व्यापारी माणूस तो परत कशाला करील? मुनीमजींनी तिथल्या तिथे रक्कम सांगितली. माझी वर्षभराची मजुरी तिच्यापुढे कमी पडत होती.

घरी आल्यावर मी भाकर टाकत होते, तर हे म्हणाले, "हौ काहून म्हटलं तू?"

"म्या कुठं म्हटलं?"

"मान हालवली ना."

"ते आपोआप हालते."

हे बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "फेडू."

दुसऱ्या दिवसापासून मी गिचका भात रांधू लागले. खीर म्हणा, दाट पेज म्हणा, जे होतं ते सगळं गंजातच राहायचं. एक थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही म्हणून बहनजींनी घमेलंच जप्त केलं. हात मात्र ऐकायचे नाहीत. दाणा शिजला की ते आपोआप फडक्याकडे जायचे, आणि ओळीतली पोरं ओरडायची, "काकी, पसवू नको!" पोरांना तो खेळच झाला. बाया नाकं मुरडायच्या, कोण आजारी आहे म्हणायच्या. शेठनी पुन्हा भात चाखला नाही. माझी एकुलती एक कला गेली, आणि मी सरळ उभी राहून रोज तो लगदा वाढत राहिले.

पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा वजनं झाली. आमची मुलगी झोळीत बसली. यांनी मागच्या वेळची मापं लावली, तर झोळी वर उठेचना. यांनी आणखी एक माप टाकलं. मग आणखी एक लहान. काटा सरळ झाला. यांनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत यांनी मला असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मीही पहिल्यांदा मान खाली घातली नाही.

"लाभ!" हे इतक्या मोठ्याने ओरडले की अंगणातल्या बायांचे धान ओढणारे पाय थांबले.

त्या पावसाळ्यात मुलीला खोकला झाला आणि बराही झाला.

देणं मात्र होतं. मजुरीतून थोडं थोडं कापलं जायचं, पण ते मुंगीने पोतं ओढावं तसं. फेडलं ते खरं कालवडीने. ती सरकारी दुधावर अशी काही वाढली होती की तिसऱ्या वर्षी गाभण राहिली, आणि व्याली तेव्हा आमच्या मोहल्ल्यात कोणाच्या गाईने दिलं नाही एवढं दूध देऊ लागली. तोवर सरकारी पावडर कधी यायची, कधी महिनोन्‌महिने यायची नाही. बहनजींनी शेठना सुचवलं की पावडर नसेल तेव्हा रसोईसाठी आमच्या गाईचं दूध घ्यावं आणि त्याचे पैसे आमच्या देण्यातून वजा करावे. शेठना ते पटलं. तेव्हापासून मी रोज लोटा भरून दूध छपरीत न्यायची, आणि मुनीमजी चष्मा पुसून ते मापून घ्यायचे. एकदा म्हणाले, "बाई, बछिया जो पी गई थी, वही लौटा रही है।" मला ते आवडलं होतं, पण मी मान खाली घातली.

मधे एक वर्ष ती आटली, तेव्हा देणंही थांबलं. मग पुन्हा व्याली. मुलगी तोवर हिंदी शाळेत जाऊ लागली होती आणि रसोईच्या ओळीत नवी पोरं बसत होती. त्यांना मोकळ्या भाताची गोष्ट माहीत नव्हती, तरी "काकी, पसवू नको" हे ती म्हणायचीच. मोठ्या पोरांनी शिकवून ठेवलं होतं.

परवा मी लोटा घेऊन गेले. मुनीमजींनी दूध मापलं, बोटांवर काही केलं, आणि माझ्या हातावर थोडी नाणी ठेवली. मी घाबरले. वाटलं, काहीतरी चुकलं, आता हे परत करायला लावतील.

"कालच फिटलं, बाई," मुनीमजी मराठीत म्हणाले. मला माहीतच नव्हतं की त्यांना मराठी येते. "हे आजच्या दुधाचे. आता शेठचं तुमच्याकडे काही नाही."

काहीतरी म्हणायला हवं होतं. मी मान हलवली आणि घरी आले.

सासूबाई आता थकल्या आहेत, ओट्यावरच बसून असतात. मी नाणी त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "मले काय सांगतं? जिनं फेडलं तिले सांगितलं का?"

मी गोठ्यात गेले. आजूबाजूला कोणी नाही असं पाहिलं. गाय रवंथ करत होती. मग मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बहनजी काय म्हणाल्या, शेठ काय म्हणाले, मी काय म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही, सगळं मोठ्याने. एवढं मी एका दमात कधी बोलले नव्हते. शेवटी तिच्या मानेवरच्या वळीवर हात ठेवला आणि म्हणाले, "फिटलं गं सारं. एक पैसा राह्यला नाही."

तिने मान हलवली.